जपानमधील भाड्याचे घर आणि परदेशी भाडेकरू

परदेशात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी गेलेल्या माणसाला व्हिसा, वास्तव्याची नोंद, करभरणा या गोष्टी शासनाच्या लेखी नियमांच्या आधारे, उशिरा का होईना, पार पाडता येतात. घर मात्र तसे मिळत नाही, कारण घर देणारा बहुधा एक खाजगी नागरिक असतो आणि आपल्या मालमत्तेत कोणाला राहू द्यायचे हे तो आपल्या सोयीने, समजुतीने आणि पुष्कळदा आपल्या भीतीने ठरवतो. या बाबतीत जपानचे उदाहरण विशेष अभ्यासण्याजोगे आहे. एकीकडे तेथील कायदा भाडेकरूला असे भक्कम संरक्षण देतो की कराराची मुदत संपली एवढ्याच कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही, तर दुसरीकडे त्याच देशात परदेशी माणसाला दारातूनच परत पाठवले जाण्याचे प्रमाण मोठे आहे. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे: आत आलेल्या भाडेकरूला सहजासहजी हलवता येत नाही, म्हणून मालक आपली सगळी खबरदारी तो आत येण्यापूर्वीच घेतो, आणि ज्याची गावात ओळखपाळख नाही त्याच्यावर त्या खबरदारीचा सर्वांत जास्त भार पडतो.

जपानमध्ये घरभाड्याविषयीचा स्वतंत्र कायदा प्रथम १९२१ मध्ये झाला. त्या काळात तोक्यो, ओसाका यांसारख्या मोठ्या शहरांतील बहुसंख्य कुटुंबे भाड्याच्या घरांतच राहत असत. १९३९ मध्ये युद्धकालीन महागाई रोखण्यासाठी शासनाने भाड्यांवर नियंत्रण आणले. मुदत संपताच जुन्या भाडेकरूला काढून ते नियंत्रण चुकवण्याची वाट मालकांना मोकळी राहू नये म्हणून १९४१ च्या दुरुस्तीने असा दंडक घातला की ‘सेइतो जियू’, म्हणजे न्याय्य कारण, असल्याखेरीज मालकाला करार पुढे चालू ठेवण्यास नकार देता येणार नाही. युद्ध संपले, भाडेनियंत्रणही कालांतराने गेले, परंतु तो दंडक टिकला आणि १९९२ च्या ऑगस्टमध्ये अंमलात आलेल्या जमीन व घरभाडे कायद्याच्या २८व्या कलमात तो आजही आहे. न्याय्य कारण ठरवताना जागेची गरज मालकाला अधिक आहे की भाडेकरूला, आजवरचा व्यवहार कसा झाला, इमारतीची अवस्था काय आहे, या सर्वांचा विचार होतो, आणि घर सोडण्याबद्दल मालक जी रक्कम देऊ करतो तीही हिशेबात धरली जाते. भाडे थकले तरी न्यायालये प्रथम असा प्रश्न विचारतात की दोन्ही पक्षांमधील विश्वासाचे नाते खरोखरच मोडले आहे काय. एखाद्या महिन्याची थकबाकी त्यासाठी पुरेशी मानली जात नाही, आणि साधारणतः तीन महिन्यांचे भाडे थकल्यावरच मालकाची बाजू भक्कम समजली जाते.

मुंबईच्या वाचकाला हा इतिहास अनोळखी वाटणार नाही. महायुद्धाच्या काळातील टंचाईतूनच पुढे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला, त्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली, भाडेकरूला काढणे दुरापास्त केले, आणि त्याचा परिणाम म्हणून पागडीची पद्धत, कुलूपबंद ठेवलेली घरे आणि अखेरीस अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्सचे करार रूढ झाले. जपानमध्ये नव्या कराराचे भाडे बाजारभावाने ठरवण्याची मोकळीक असल्यामुळे घरे कुलूपबंद ठेवण्याचे कारण उरले नाही, पण एकदा दिलेले घर परत मिळेल की नाही ही धास्ती तेथेही राहिली आणि ती भाडेकरूच्या निवडीत उतरली. २००० च्या मार्चपासून ‘तेइकी शाक्का’, म्हणजे मुदत संपताच आपोआप संपणारा करार, कायद्याने शक्य झाला आहे. त्यासाठी नूतनीकरण होणार नाही हे मालकाने स्वतंत्र लेखी कागदाद्वारे आधी समजावून सांगावे लागते. तथापि राहत्या घरांचे बहुसंख्य करार अजूनही ‘फुत्सु शाक्का’ या सामान्य प्रकारचे, दोन वर्षांच्या मुदतीचे आणि नूतनीकरणाचा हक्क असलेले असतात, आणि घर शोधणाऱ्याने सर्वप्रथम आपला करार या दोहोंपैकी कोणता हेच विचारून घेतले पाहिजे.

जपानमध्ये भाडेकरू आणि ‘ओया’, म्हणजे घरमालक, यांची समोरासमोर गाठ करार होईपर्यंत, आणि पुष्कळदा त्यानंतरही, पडत नाही. सारा व्यवहार ‘फुदोसान-या’ या दलालाच्या कचेरीतून चालतो. रेल्वे स्थानकाभोवती अशा लहान लहान कचेऱ्यांच्या रांगा असतात आणि त्यांच्या काचांवर घरांचे नकाशे, भाडी व अटी छापलेले कागद डकवलेले असतात. हे कागद वाचणे हे एक शास्त्रच आहे. १के म्हणजे एक खोली आणि लहानसे स्वयंपाकघर, २एलडीके म्हणजे दोन खोल्या आणि बैठक, जेवण व स्वयंपाक यांची एकत्रित जागा. खोलीचे क्षेत्रफळ ‘जो’ या तातामी चटईच्या मापात सांगितले जाते आणि जाहिरातीच्या नियमांनुसार एक जो किमान १.६२ चौरस मीटर धरावा लागतो; स्थानकापासूनचे अंतर मिनिटांत दिलेले असते आणि त्यात ८० मीटरला एक मिनिट असा हिशेब असतो, ज्यात चढ किंवा सिग्नलला थांबण्याचा वेळ मोजलेला नसतो. इमारतीच्या वयाकडे भारतीय भाडेकरूचे लक्ष सहसा जात नाही, पण भूकंपाच्या देशात तीच सर्वांत मोलाची माहिती आहे, कारण १ जून १९८१ पासून बांधकाम परवानगीसाठी नवे, अधिक कडक भूकंपरोधक निकष लागू झाले आणि त्याआधीच्या इमारती जुन्या निकषांनुसार उभ्या आहेत.

घर पसंत पडल्यावर पुढची पायरी दूरध्वनीची असते, आणि परदेशी माणसाचा खरा प्रश्न येथे सुरू होतो. दलाल मालकाला किंवा मालकाच्या वतीने इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला फोन लावतो, ग्राहक समोर बसलेला असतानाच तो परदेशी असल्याचे सांगतो, आणि पलीकडून प्रश्न येतात: कोणत्या देशाचा, जपानी बोलता येते का, नोकरी कोठे, एकटा की कुटुंबासह. ग्राहकाला भाषा येत नसली तरी दलालाने माफी मागितल्यासारखी मान लववली की उत्तर काय आले हे त्याला कळून चुकते. काही घरांबाबत ‘गाइकोकुजिन फुका’, म्हणजे परदेशी नकोत, अशी अट आधीच नोंदलेली असते. हे सर्व किती व्यापक आहे हे जपानच्या न्याय मंत्रालयाने केलेल्या आणि २०१७ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसले. त्यात ४,२५२ परदेशी रहिवाशांनी उत्तरे दिली, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी आधीच्या पाच वर्षांत घर शोधले होते त्यांतील ३९.३ टक्के लोकांना परदेशी असल्याच्या कारणावरून, तर ४१.२ टक्के लोकांना जपानी जामीनदार नसल्याच्या कारणावरून नकार मिळाला होता, २६.८ टक्के लोकांनी परदेशी नकोत ही अट पाहूनच त्या घराचा नाद सोडला होता.

मालकांची कारणे विचारली असता ती बहुधा वंशद्वेषाच्या भाषेत दिली जात नाहीत. भाडे बुडवून माणूस मायदेशी निघून गेला तर वसुली कोणाकडून करायची, कचरा ओला, सुका, जळणारा, न जळणारा असा वेगळा करून नेमून दिलेल्या दिवशीच बाहेर ठेवण्याचा नियम त्याला समजेल का, रात्री आवाज झाल्यास त्याला कोणत्या भाषेत सांगायचे, एकाच्या नावावर घेतलेल्या खोलीत चारजण राहू लागले तर काय करायचे, अशा त्या शंका असतात. त्यांतील काहींना अनुभवाचा आधार असतो हे मान्य केले पाहिजे. पण एकाच्या वर्तनाचा ठपका त्याच्या देशातून आलेल्या प्रत्येकावर ठेवणे हा अन्यायच आहे, आणि जात, धर्म किंवा आहार विचारून घर नाकारण्याची पद्धत ज्यांनी आपल्या शहरांत पाहिली आहे त्यांना तो अन्याय निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

कायद्याने यावर काय उपाय आहे, याचे उत्तर समाधानकारक नाही. जपान १९९५ मध्ये वंशभेदनिर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय करारात सहभागी झाला, संविधानाच्या १४व्या कलमात समतेचे तत्त्व आहे, परंतु घर भाड्याने देताना केल्या जाणाऱ्या भेदभावाला शिक्षा करणारा स्वतंत्र राष्ट्रीय कायदा नाही. नकार मिळालेल्या माणसाला दिवाणी न्यायालयात जाऊन नुकसानभरपाई मागावी लागते. ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने १९९३ मध्ये कोरियन वंशाच्या रहिवाशाला नकार देणाऱ्या मालकाला जबाबदार धरले, आणि क्योतोच्या जिल्हा न्यायालयाने २००७ च्या ऑक्टोबरमध्ये जपानी नागरिकत्व नसल्याच्या कारणावरून करार नाकारणाऱ्या मालकाला ११ लाख येन देण्याचा आदेश दिला. हे निकाल महत्त्वाचे असले तरी त्यांनी फिर्यादीला घर मिळवून दिले नाही, आणि ज्याला पुढच्या आठवड्यात सामान ठेवायला जागा हवी आहे तो काही वर्षांनी लागणाऱ्या निकालाची वाट पाहू शकत नाही. त्या मानाने तोक्योशेजारच्या कावासाकी शहराने घेतलेला मार्ग अधिक उपयोगी ठरावा असा आहे: तेथील नगरपालिकेने २००० मध्ये आपल्या गृहनिर्माणविषयक नियमांत परदेशी असल्याच्या कारणावरून घर नाकारू नये असे स्पष्ट लिहिले आणि त्याच वेळी ज्यांना जामीनदार मिळत नाही अशा परदेशी, वृद्ध व अपंग रहिवाशांसाठी हमीची व्यवस्थाही सुरू केली. मालकाच्या मनातील धास्तीचे मूळ कारण दूर केल्याखेरीज नुसत्या मनाईचा उपयोग होत नाही, हे त्या नगरपालिकेने ओळखले.

जामीनदाराचा प्रश्न हा या साऱ्या व्यवहाराचा गाभा आहे, म्हणून त्याकडे थोडे बारकाईने पाहायला हवे. परंपरेने जपानी मालक ‘रेन्ताई होशोनिन’ मागत आले आहेत. हा साधा जामीनदार नसतो; भाडे थकताच मालकाला भाडेकरूकडे न जाता थेट त्याच्याकडे पूर्ण रकमेची मागणी करता येते, आणि आधी भाडेकरूकडे मागा असे म्हणण्याचा हक्कही त्याला नसतो. जपानी तरुणासाठी हे काम आईवडील किंवा काका करतात, तर परदेशी माणसाला असा नातेवाईक देशात असण्याचा संभव कमी, आणि नव्याने ओळख झालेल्या सहकाऱ्याला एवढी मोठी जबाबदारी अंगावर घे म्हणणे कोणालाही अवघड जाते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या दिवाणी संहितेच्या दुरुस्तीने, जामीनदार ही व्यक्ती असेल तर तिच्या जबाबदारीची कमाल रक्कम करारात लिहिलीच पाहिजे, नाहीतर हमी रद्दबातल ठरेल, असा नियम केला. जामीनदाराच्या संरक्षणासाठी केलेल्या या नियमामुळे तो मोठा आकडा कागदावर दिसू लागला आणि नातेवाईकही कचरू लागले. त्यामुळे आधीच फोफावत असलेल्या ‘होशो गाइशा’, म्हणजे पैसे घेऊन हमी देणाऱ्या कंपन्यांचे काम आणखी वाढले.

या कंपन्या करार करताना साधारण अर्ध्या ते एक महिन्याच्या भाड्याएवढे शुल्क आणि पुढे दरवर्षी काही रक्कम घेतात. भाडे थकले तर मालकाला ते चुकते करतात आणि मग भाडेकरूकडून वसूल करतात. म्हणजे मालकाच्या जोखमीचा विमा भाडेकरूच्या पैशाने उतरवला जातो, आणि तरीही मालक वेगळी अनामत रक्कम घेतोच, ही गोष्ट न्यायाला धरून आहे असे म्हणवत नाही. तरी परदेशी माणसाच्या दृष्टीने या कंपन्यांनी एक बंद दार उघडले हेही खरे, कारण ज्याचा काका जपानमध्ये नाही त्यालाही आता शुल्क भरून हमी मिळते. त्यांची स्वतःची छाननी मात्र कसोशीची असते. ‘झाइऱ्यू कार्ड’ हे वास्तव्याचे ओळखपत्र, पगाराचा दाखला किंवा नोकरीचा करार, जपानमधील दूरध्वनी क्रमांक आणि देशातच राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीचे नाव तातडीच्या संपर्कासाठी द्यावे लागते. मासिक उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावे असा सर्वसाधारण संकेत आहे. काही कंपन्या अर्जदाराला आणि त्याच्या कचेरीला फोन करून जपानी भाषेत माहिती पडताळतात, आणि भाषा न येणाऱ्याचा अर्ज पुष्कळदा येथेच अडतो. नव्याने आलेल्याकडे दूरध्वनी क्रमांक नसतो, कारण तो घेण्यासाठी पत्ता लागतो, आणि पत्ता नसतो, कारण घर घेण्यासाठी क्रमांक लागतो. म्हणून पहिले एकदोन महिने सामायिक निवासात किंवा महिन्याच्या बोलीवर मिळणाऱ्या सुसज्ज खोलीत काढून तेथून कायमचे घर शोधणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. हमी कंपन्यांच्या अधिकारालाही मर्यादा आहेत: दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ भाडे थकले, भाडेकरूशी संपर्क होत नसला आणि घर वापरात नसल्याचे दिसले तर त्याने ते सोडल्याचे समजून सामान हलवता येईल, असे कलम एका कंपनीने करारात घातले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०२२ रोजी अवैध ठरवले.

सुरुवातीला किती पैसे हाताशी असावेत याचा अंदाज एका उदाहरणाने येईल. महिना १ लाख येन भाड्याच्या घरासाठी एक महिन्याचे ‘शिकिकिन’, म्हणजे परत मिळणारी अनामत, १ लाख. एक महिन्याचे ‘रेइकिन’, म्हणजे मालकाला कृतज्ञता म्हणून द्यायची आणि कधीही परत न मिळणारी रक्कम, १ लाख. पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे १ लाख. दलाली करासह १ लाख १० हजार. हमी कंपनीचे शुल्क अर्ध्या महिन्याचे धरल्यास ५० हजार. आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च मिळून सुमारे ४० हजार. असे एकूण ५ लाख येन, म्हणजे पाच महिन्यांचे भाडे, किल्ली हातात येण्यापूर्वी भरावे लागते. यांतील दलालीवर कायद्याची मर्यादा आहे: मालक व भाडेकरू या दोघांकडून मिळून एक महिन्याचे भाडे आणि त्यावरील कर यांहून अधिक घेता येत नाही, आणि राहत्या घराच्या बाबतीत भाडेकरूने आधी संमती दिली नसेल तर त्याच्या वाट्याला त्यातील निम्मीच रक्कम येते. ही संमती अर्जाच्या छापील मजकुरातच घेतली जात असल्यामुळे फार थोड्यांना आपण ती दिली आहे हे ठाऊक असते. रेइकिनचे समर्थन आज कोणत्याही तर्काने करता येत नाही. ते न घेणारी घरे वाढत आहेत, आणि घर दोनतीन महिने रिकामे राहिलेले असेल तर दलालामार्फत विनंती करून ते कमी करून घेताही येते.

या वाटेने गेलेल्या भारतीयांची सर्वांत परिचित वस्ती तोक्योच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई ही आहे. संगणकांच्या २००० सालच्या प्रश्नामुळे त्या सुमारास भारतीय अभियंते मोठ्या संख्येने जपानमध्ये आले, त्यांच्या बँका व कचेऱ्या ज्या मध्यवर्ती भागात होत्या तेथे निशी-कासाईहून तोझाई मार्गाची गाडी थेट जात असे, आणि या भागात ‘यूआर’ या निमसरकारी संस्थेच्या मोठ्या वसाहती होत्या. १९५५ च्या गृहनिर्माण महामंडळाची वारस असलेली ही संस्था देशभर सुमारे सात लाख घरे भाड्याने देते आणि रेइकिन, दलाली, नूतनीकरण शुल्क किंवा जामीनदार यांपैकी काहीही मागत नाही. ठरावीक प्रमाणात, साधारणतः भाड्याच्या चौपट, मासिक उत्पन्न किंवा भाड्याच्या १०० पट बचत दाखवली आणि वास्तव्याचा परवाना पात्र प्रकारातला असला की घर मिळते. नियम लेखी आणि सर्वांना सारखे असले की परदेशी माणसे किती सहज रुळतात याचे ही वसाहत हे चांगले उदाहरण आहे. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर २०१९ मध्ये निवडून आले. ज्यांना अशी सोय मिळत नाही त्यांतील अनेकजण ‘शाताकु’ या पद्धतीने राहतात, ज्यात करार कंपनीच्या नावावर असतो आणि मालकाला कंपनीची पत पुरेशी वाटते. ही सोय मोठी असली तरी तिच्यात एक धोका आहे: भाडेकरू कंपनी असल्यामुळे कायद्याचे संरक्षण तिला मिळते, कर्मचाऱ्याला नाही, आणि नोकरी सुटली की घरही सुटते.

करारावर सही होण्यापूर्वी ‘जुयो जिको सेत्सुमेई’, म्हणजे महत्त्वाच्या बाबींचे स्पष्टीकरण, देणे दलालावर बंधनकारक आहे, आणि ते परवानाधारक माणसाने आपले ओळखपत्र दाखवूनच करावे लागते. २०१७ पासून ते दृक्श्राव्य माध्यमातूनही करता येते. हे वाचन तास-पाऊण तास चालते, जपानी भाषेत असते, आणि न समजताच मान डोलावण्याचा मोह होतो. पण येथेच ‘तोकुयाकु’, म्हणजे सर्वसाधारण नियमांना अपवाद करणारी विशेष कलमे, वाचून दाखवली जातात, आणि घर सोडताना सफाईचे किती पैसे द्यायचे, वर्षाच्या आत घर सोडल्यास दंड किती, नूतनीकरणाचे शुल्क किती, हे सर्व त्यांत असते. भाषा जाणणारा मित्र बरोबर न्यायचा असेल तर तो घर पाहण्यापेक्षा या बैठकीला न्यावा. शासनाच्या भूमी, पायाभूत सुविधा व वाहतूक मंत्रालयाने परदेशी भाडेकरूंसाठी अनेक भाषांत मार्गदर्शक पुस्तिका आणि नमुना करार प्रसिद्ध केले आहेत, तेही हाताशी ठेवावेत. राहायला गेल्यावर मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याला घर वापरायला देणे दिवाणी संहितेच्या ६१२व्या कलमाने मना आहे. गावाकडचा मित्र नोकरी लागेपर्यंत काही महिने आपल्याकडेच राहील, हा आपल्याकडे सौजन्याचा भाग समजला जाणारा व्यवहार तेथे करार मोडण्याचे कारण ठरू शकतो.

दोन वर्षे पुरी होत आली की नूतनीकरणाची सूचना येते. तोक्यो परिसरात ‘कोशिनऱ्यो’, म्हणजे नूतनीकरण शुल्क, साधारण एक महिन्याच्या भाड्याएवढे असते. ते ग्राहकाच्या हिताविरुद्ध आहे असा दावा क्योतोच्या परिसरातील भाडेकरूंनी केला होता, परंतु करारात स्पष्ट लिहिले असेल आणि रक्कम फार मोठी नसेल तर ते वैध आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ जुलै २०११ रोजी दिला. अलीकडे तोक्योत भाडी चढत असल्यामुळे या सूचनेबरोबर भाडेवाढही मागितली जाते, आणि परदेशी भाडेकरू ती मान्य न केल्यास घर सोडावे लागेल अशा समजुतीने निमूट सही करतो. ही समजूत चुकीची आहे. कायद्याच्या ३२व्या कलमानुसार कर, जमिनीची किंमत किंवा आसपासची भाडी बदलल्याने चालू भाडे गैरवाजवी झाले असेल तर मालकाला वाढ मागता येते, पण भाडेकरूने ती नाकारल्यास मालकाने प्रथम न्यायालयीन तडजोडीसाठी अर्ज करायचा असतो. तोवर भाडेकरूने आपल्याला वाजवी वाटणारे, म्हणजे व्यवहारात चालू दराचे, भाडे भरत राहावे. मालकाने ते घेण्यास नकार दिला तर न भरता स्वस्थ बसू नये, कारण मग थकबाकी हेच त्याच्याविरुद्धचे कारण होते. ते शासनाच्या विधिविषयक कचेरीत अनामत म्हणून जमा करण्याची सोय आहे. पुढे न्यायालयाने वाढ योग्य ठरवली तर फरकाची रक्कम वार्षिक १० टक्के व्याजासह द्यावी लागते, एवढीच यातील जोखीम. मुदत संपेपर्यंत नव्या अटींवर एकमत झाले नाही तरी करार कायद्यानेच पुढे चालू राहतो. यांपैकी कोणत्याही कलमात भाडेकरूच्या राष्ट्रीयत्वाचा उल्लेख नाही, आणि भाड्यावरून झालेल्या मतभेदाचा वास्तव्याच्या परवान्याशी काही संबंध नसतो.

घर सोडण्याची सूचना बहुतेक करारांत एक महिना आधी द्यावी लागते, आणि सर्वांत जास्त वाद त्यानंतरच्या हिशेबावरून होतात. ‘गेनजो काइफुकु’, म्हणजे घर पूर्ववत करून देणे, या नावाखाली अनामत रक्कम पूर्णपणे खर्ची टाकल्याचे हिशेब भाडेकरूंच्या हाती पडत असत, म्हणून शासनाने १९९८ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तोक्यो महानगर प्रशासनाने २००४ पासून ती करारापूर्वीच समजावून सांगण्याचा नियम केला, आणि २०२० च्या दुरुस्तीने त्यांतील मुख्य सूत्र दिवाणी संहितेच्या ६२१व्या कलमात आले: नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि काळाने येणारा जुनाटपणा यांची दुरुस्ती हा भाडेकरूचा खर्च नाही. फ्रिजमागची काळवंडलेली भिंत, कपाटाच्या भाराने जमिनीवर पडलेले वळ, उन्हाने विटलेली तातामी आणि कॅलेंडर लावण्यासाठी टोचलेल्या टाचण्यांची छिद्रे ही नेहमीची झीज समजली जाते. खिळे ठोकून आतला फळा खराब करणे, सिगारेटच्या धुराचा पिवळा थर आणि सफाई न केल्यामुळे चुलीभोवती साचलेले तेलाचे कीट हा भाडेकरूचा दोष मानला जातो, आणि रोजच्या फोडणीच्या स्वयंपाकघरात या शेवटच्या कलमाकडे पहिल्या महिन्यापासून लक्ष ठेवावे लागते. भाडेकरूच्या हातून नुकसान झाले तरी पूर्ण नव्या वस्तूची किंमत त्याच्या माथी मारता येत नाही. भिंतीवरील कागदाचे आयुष्य सहा वर्षे धरले जाते. नवा कागद लावलेल्या घरात तीन वर्षे राहिलेल्या माणसाकडून भिंत नव्याने मढवण्याच्या ६० हजार येन खर्चापैकी साधारण ३० हजारच मागता येतात, आणि सहा वर्षांनंतर कागदाची किंमत नाममात्र, म्हणजे १ येन, उरते, मग मुद्दाम केलेल्या नुकसानीबद्दल फार तर मजुरीचा प्रश्न राहतो.

म्हणून जपानमध्ये घर घेणाऱ्या प्रत्येकाने किल्ली मिळाल्याच्या दिवशीच, सामान आत येण्यापूर्वी, प्रत्येक भिंत, जमीन, न्हाणीघर आणि चुलीची जागा यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत आणि आधीचे दोष नोंदवण्यासाठी दिलेला कागद भरून त्याची प्रत जपावी. घर सोडताना पुढे केलेल्या हिशेबावर उभ्या उभ्या सही करू नये, तपशीलवार आकारणी लेखी मागावी, आणि ती न पटल्यास १८८ या ग्राहक साहाय्य क्रमांकावर विचारणा करावी. तेथेही प्रश्न सुटला नाही तर ६ लाख येनपर्यंतच्या मागणीसाठी लघुवादाची सोय आहे, ज्यात सुनावणी सर्वसाधारणपणे एका दिवसात संपते आणि वकील देण्याची सक्ती नसते.